चिमाबाईच्या दुधावरचा आळ

चिमाबाई वळसंगात नांदायला आली तेव्हा तिला कानडीतला एक शब्द येत नव्हता. माहेर नातेपुत्याकडचं, तिकडे सगळा मराठी मुलूख. इथे विहिरीवरच्या बायका तिच्या तोंडावर मराठीत ‘ये गं, बस गं’ करायच्या आणि तिची पाठ वळली की तिचं नाक, तिची चाल आणि तिच्या माहेरून आलेली घोंगडी यांचा कानडीत पंचनामा मांडायच्या. चिमाबाईने वर्षभर मुकाट ऐकून घेतलं. मग एके दिवशी घागर भरता भरता तिने कानडीतच अशी काही उत्तरं दिली की दोघीजणी रिकाम्याच घागरी घेऊन घरी गेल्या. विहिरीवर त्या दिवसापासून तिच्यासाठी जागा सोडली जाऊ लागली.

नवरा मायाप्पा मेंढरांमागे रानोमाळ हिंडणारा, अबोल आणि आईच्या शब्दाबाहेर नसणारा. घर होतं सासूच्या, गोजाबाईच्या मुठीत. गोजाबाई दुष्ट होती असं मात्र कुणी समजू नये. चिमाबाईला बरीच वर्षं मूल झालं नाही तेव्हा तिने टोमणे मारले हे खरं, पण सिद्धू जन्मला तेव्हा गावभर साखर वाटत फिरली तीही तीच. तिला फक्त प्रत्येक दुखण्याचं कारण लागायचं, आणि ते घरातल्या घरात, हाताशी सापडणारं लागायचं. दूरचं कारण तिला पटत नसे.

सिद्धू जन्मला १९३५ साली. पहिले दोन महिने पोर गुटगुटीत होतं. मग त्याचं काहीतरी बिनसलं. छातीशी घेतलं की अधाशासारखा लुचायचा, आणि जरा वेळाने एकाएकी तोंड काढून किंचाळायचा. कपाळावर घामाचे थेंब उभे राहायचे, ओठ राखेच्या रंगाचे व्हायचे, बरगड्या लोहाराच्या भात्यासारख्या चालायच्या. खांद्यावर टाकून थोपटलं की शांत. पुन्हा भूक, पुन्हा लुचणं, पुन्हा तोच घाम. चिमाबाई एका हाताने पाजायची आणि दुसऱ्या हातातल्या पदराने त्याचं कपाळ टिपत राहायची. तिला त्याची सवयच जडली.

घुटी झाली, दृष्ट काढून झाली, पोटावर हिंग झाला. मग गोजाबाईला कारण सापडलं.

“दुधात इख हाय हिच्या,” ती म्हणाली. “लेकरू पितंय आनि तडफडतंय. आनिक काय बघायचं हाय?”

अशा वेळी त्यांच्यात दुधाची परीक्षा घ्यायची रीत होती. परीक्षा घेणार धुळा, म्हणजे मायाप्पाचा चुलता. बिरोबाच्या जत्रेत बकरं कापायचा मान त्याचा, भावकीतला निवाडाही त्याचाच. चिमाबाईचं दूध पितळेच्या वाटीत काढलं, धुळाने भिंतीवरची एक मुंगी चिमटीत धरून त्यात सोडली आणि सगळे वाटीभोवती उकिडवे बसले. मुंगीने थोडे पाय मारले आणि ती मेली.

“इखारी हाय,” धुळा म्हणाला आणि उठला.

“थांबा की मामा,” चिमाबाई म्हणाली. तिने दुसरी वाटी आणली, त्यात रांजणातलं पाणी घेतलं आणि आणखी एक मुंगी पकडून आत टाकली. ती मुंगीही मेली. “आता रांजन फोडा. सारं घर इख पितंय.”

धुळाचा चेहरा तांबडा झाला. पाण्याची गोष्ट वेगळी आणि बाईच्या दुधाची वेगळी, असं तो म्हणाला. वेगळी कशी हे त्याने सांगितलं नाही. निवाडा असा झाला की चिमाबाईने पोराला अंगावर घ्यायचं नाही, आणि त्या दुधाची सावलीही घरातल्या दुसऱ्या लेकरावर पडू द्यायची नाही. पोर सुधारलं तर ठीक. नाहीतर तिला माहेरी धाडून मायाप्पाला दुसरी बघायची. जावेचं, फुलाबाईचं पोट तेव्हा पुढे आलेलं होतं, म्हणून दुसऱ्या लेकराचा घोर.

सिद्धूला शेळीचं दूध बोळ्याने पाजायला सुरुवात झाली. बोळा चोखतानाही त्याला तसाच घाम आला, ओठ तसेच राखेसारखे झाले. चिमाबाईने सासूला हाताला धरून आणलं आणि दाखवलं. “हे बघा आत्याबाई. आता शेळी इखारी का?”

“तुजंच आदी भिनलंय त्येच्यात,” गोजाबाई म्हणाली.

चिमाबाईने पोराला घोंगडीत गुंडाळलं आणि अक्कलकोटहून सोलापूरला जाणाऱ्या मोटारीला हात केला. मायाप्पा मेंढरं भावाच्या हवाली करून धावत आला आणि मागच्या बाकावर बसला. सोलापूर येईपर्यंत तो एक शब्द बोलला नाही, पण आला, हे तिने पाहिलं.

गिरण्यांच्या भोंग्यांच्या त्या गावात डॉक्टर रुद्रप्पा नावाचा मुंबईला शिकून आलेला तरुण डॉक्टर एका दवाखान्यात होता. त्याने पोराच्या छातीला नळी लावली आणि बराच वेळ ती काढलीच नाही. मग म्हणाला, “बाई, माझ्यासमोर पाजा त्याला.”

“गावानं बंदी घातलीया.”

“हा गाव नाही,” डॉक्टर म्हणाला.

किती दिवसांनी पोर छातीशी आलं! तिने पदर ओढून घेतला. डॉक्टर मान वळवून बसला, पण पोराचं मनगट त्याच्या बोटांत होतं. किंकाळी आली, घाम आला. मग त्याने तिचंच दूध वाटीत काढायला लावलं आणि नर्सकडून चमच्याने थेंब थेंब पोराच्या ओठांत सोडवलं. पोराला चोखायचे श्रम पडले नाहीत. ते दूध त्याने गिळलं, जिभेने ओठ चाटले आणि ते रडलं नाही. चिमाबाईने त्याच्या कपाळावरून हात फिरवला. घाम नावालाच होता.

“दूध तेच,” ती म्हणाली. “माजंच.”

“तुमचंच. दुधात काही नाही. श्रम पडले की त्याच्या काळजाला कळ येते. म्हाताऱ्या माणसाला चढ चढताना येते तशी.”

नवीन आलेल्या यंत्रावर छातीचा फोटो काढला. काळजाची सावली अर्धी छाती भरून पसरली होती. काळीज मोठं व्हायची डॉक्टरला ठाऊक असलेली कारणं त्याने एकेक करून तपासली. एकही नीट बसेना. मग त्याला अमेरिकेतल्या डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी छापलेली एका बाळाची हकीकत आठवली. तेही बाळ पिताना असंच पांढरं पडायचं, असंच घामेजून किंचाळायचं. डॉक्टर चिमाबाईसमोर स्टूल ओढून बसला आणि त्याने तिला जमेल तेवढं सोपं करून सांगितलं. काळीज सगळ्या अंगाला रक्त पुरवतं, पण त्याला स्वतःलाही रक्त लागतं. ते आणणाऱ्या दोन बारीक शिरा असतात. शुद्ध रक्ताची जी मोठी नळी अंगभर जाते, तिच्या मुळाशीच त्या दोघी फुटतात. या पोराची एक शीर बहुधा भलत्याच नळीला, फुप्फुसांकडे जाणाऱ्या अशुद्ध रक्ताच्या नळीला जोडली गेली आहे. ती जन्मापासूनच.

“मग दोन म्हैने कसा चांगला हुता?”

प्रश्न चांगला होता आणि डॉक्टरला तो आवडला. “विहिरीला पाणी असतं तोवर चुकीच्या जागी काढलेल्या पाटालाही पाणी येतं. जन्मल्यावर हळूहळू त्या नळीतला जोर ओसरतो, मग या शिरेला काही मिळेनासं होतं.”

“औषद?”

“नाही.”

तिने पोराकडे पाहिलं. झोपलेलं होतं. “मग गावात चला,” ती म्हणाली. “धुळामामाला सांगा हे.”

ही माझी शंका आहे, डॉक्टर म्हणाला. जिवंत मुलात हे नक्की करायचं साधन माझ्यापाशी नाही, मुंबईला काळजाच्या ठोक्यांची कागदावर रेघ काढणारं यंत्र आहे पण हे पोर तिथवर टिकणार नाही. शंकेवर मी चारचौघांत शपथ घेऊ शकत नाही.

“धुळामामानं मुंगीवर घेतली की!” चिमाबाई कडाडली. डॉक्टरचा तिला मनस्वी राग आला. सगळं कळूनही हा माणूस खरेपणाच्या नावाखाली तिला एकटं पाडत होता. तो मान खाली घालून बसला, पण शब्द त्याने बदलला नाही.

सिद्धू चमच्याने दूध पीत काही दिवस जगला. एका सकाळी तो आईच्या मांडीवर होता, डोळे उघडे होते, आणि मग श्वास राहिला. चिमाबाईने चमचा वाटीत ठेवला. तिला रडू आलं नाही. छाती मात्र भरून आली होती, आणि थोड्या वेळाने चोळी भिजली. मूल गेल्याचं त्या दुधाला कुणी सांगितलं नव्हतं.

मायाप्पाने निरोप धाडला तशी गोजाबाई आणि धुळा मोटारीने आले. नातवाला बघून गोजाबाईने ऊर बडवून घेतला. रडणं ओसरल्यावर ती सुनेकडे वळली. “खाल्लंस ना शेवटी?”

दवाखान्याच्या ओट्यावर माणसं थांबून बघू लागली. चिमाबाई उठली. ती सरळ आत डॉक्टरकडे गेली. “तुमची शंका हुती न्हवं? आता खात्री करा. उगडा.”

डॉक्टरचा विश्वास बसेना. अशा वेळी हात जोडून मागितलं तरी लोक देत नाहीत, आणि इथे आई स्वतः सांगत होती. बाहेर एकच गलका उठला. लेकराला चिरायचं? तान्ह्याला अखंड मातीआड करतात. चिरलेलं लेकरू पुरलं तर भावकी पाणी तोडील, वाळीत टाकील. धुळा ओरडला, गोजाबाईने पोराला घट्ट धरलं. डॉक्टरने बापाला विचारलं, कारण कायद्याने बाप लागत होता.

मायाप्पा आईकडे बघत होता, मग बायकोकडे बघू लागला. “ती म्हनती तसं,” तो म्हणाला. आयुष्यात आईच्या विरुद्ध उच्चारलेलं हे त्याचं पहिलंच वाक्य, आणि तेही त्याने बायकोच्या नावावर खपवलं. पण खपवलं.

“आनि मामा,” चिमाबाई धुळासमोर उभी राहिली, “मुंगी बघायला तुमी हुता. काळीज बघायलाबी तुमीच यायचं.”

“म्या कशापायी?”

“भ्यालासा व्हय? जत्रेत एवढी बकरी फाडता.”

इतक्या माणसांत असं ऐकून घेऊन धुळाला मागे सरणं शक्य नव्हतं. डॉक्टरने आतलं काम एकट्याने उरकलं. मग पांढऱ्या तामचिनीच्या तबकात ते इवलंसं काळीज घेऊन तो शेजारच्या खोलीत आला आणि त्याने धुळाला बोलावलं. चिमाबाईला नर्स अडवत होती. ती नर्सला बाजूला सारून आत आली.

काळीज पोराच्या मानाने थोराड होतं, आणि त्याची डावी बाजू पातळ, पांढुरकी पडलेली. डॉक्टरने शुद्ध रक्ताची मोठी नळी उघडून दाखवली. तिच्या मुळाशी एकच बारीक भोक होतं. त्याने घातलेली बारीक सळई त्यातून सरकली आणि उजवीकडच्या शिरेत गेली. मग त्याने फुप्फुसांकडची नळी उघडली. दुसरं भोक तिथे होतं. जे डॉक्टरने फक्त वाचलं होतं ते समोर होतं, आणि त्याचा आनंद व्हावा याची त्याला त्याच क्षणी लाज वाटली असावी, कारण त्याने चिमाबाईकडे बघायचं टाळलं.

धुळाने खांदे उडवले. “मानसाचं असंच असतंय काय की. आमाला काय ठावं?”

“बकऱ्याचं काळीज आना,” चिमाबाई डॉक्टरला म्हणाली. “मामांना तेवढंच कळतंय.”

बाजारातून बकऱ्याचं काळीज आणवलं. डॉक्टरने ते तसंच उघडलं आणि सळई धुळाच्या हातात दिली. धुळाने आयुष्यभर काळजं कापली होती, पण त्यांची मुळं कधी न्याहाळली नव्हती. ते शिजवायचं असतं, बघायचं कशाला? त्याने सळई घातली. एक भोक. जरा बाजूला, दुसरं भोक. एकाच नळीत दोन्ही. मग तो सिद्धूच्या काळजाकडे वळला. एक. पुढे त्याने खूप शोधलं. सळई दुसरीकडे कुठेच जाईना. त्याच्या कपाळाला घाम आला.

“दिसलं?” चिमाबाईने विचारलं.

त्याने सळई तबकात ठेवली.

डॉक्टरने तेव्हा तिच्याकडे एक मागणं केलं. हे काळीज मुंबईला पाठवलं तर मोठे डॉक्टर बघतील, पुढच्या पोरांचं निदान करायला शिकतील. त्याचं खरं होतं. चिमाबाईने ऐकून घेतलं. “तुमाला बघायचं हुतं ते बगितलंसा. आता त्येचं त्याला द्या,” ती म्हणाली. डॉक्टरने मान हलवली, काळीज जागेवर ठेवून छाती शिवली आणि पोर तिच्या हातात दिलं. मुंबईला काही कळलं नाही.

वळसंगात परतल्यावर धुळा आजारी पडला. म्हणजे अंगणात निवाड्याला बसायची वेळ आली की त्याची कंबर धरायची. इकडे फुलाबाई बाळंत झाली, मुलगी झाली, आणि तिसऱ्या दिवसापासून तिला जो ताप भरला त्यात तिचं दूध आटलं. शेळीचं दूध त्या पोरीला मानवेना. ती जुलाबाने वाळत चालली. त्याच घरात, एका भिंतीपलीकडे, चिमाबाई छातीला फडकं करकचून बांधून बसलेली असायची, कारण पोरीचा आवाज आला की चोळी ओली व्हायची. गोजाबाई पोरीला तिच्या नजरेसही पडू देत नव्हती.

चिमाबाई धुळाच्या दारात गेली आणि भरदुपारी सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “मामा, कंबर दुखत असंल तर बाजंवर उचलून न्हेते. पर आज भंडारा उचलायचा.”

संध्याकाळी अंगणातल्या लिंबाखाली भावकी बसली. बिरोबाच्या देवळातला भंडारा आणला होता. तो हातात घेऊन कुणी खोटं बोलत नसे. निदान धुळा तरी बोलला नसता. तीच तर त्याची अडचण होती. त्याने पिवळी मूठ भरली, डोळे मिटले.

“बकऱ्याच्या काळजाला दोन भोकं, एकाच नळीत. लेकराच्या त्या नळीत एकच हुतं. दुसरं भलतीकडंच. माज्या हातानं सळई घातली म्या. दुधात काय न्हवतं.” तो थांबला. मग डोळे उघडून म्हणाला, “पर ते काळीज घडलं हिच्याच पोटात की.”

माणसं कुजबुजू लागली. गोजाबाईची मान जोरात हलली. कारण पुन्हा हाताशी आलं होतं.

चिमाबाई उभी राहिली. “दूध सुटलं तर आता पोट धरलंसा? धरा. पोटाचा निवाडा म्होरं करा सावकास, तुमास्नी लई येळ हाय.” तिने सोप्याकडे बोट केलं. “त्या पोरीला न्हाय.”

ती सोप्यावर गेली. गोजाबाई आधीच धावली होती आणि पोरीला उराशी धरून भिंतीला चिकटून उभी होती. “देनार न्हाय. एक गेलं माजं. दुसरं न्हाय घालवायची.” तिचे डोळे भरले होते. चिमाबाईने हिसकावून घेतलं नाही. ती फक्त हात पुढे करून उभी राहिली.

बाजेवरून फुलाबाईचा तापातला आवाज आला. “आत्याबाई, पोरगी माजी हाय. द्या तिला.”

ती पोरगी रंभाबाई. पुढे ती मोठी झाली, वळसंगातच दिली, आणि आई कोण म्हणून विचारलं की दोन नावं सांगायची. चिमाबाईला पुढे दोन मुलगे झाले, धडधाकट; तिच्या पोटाचा निवाडा करायला भावकी पुन्हा कधी बसली नाही. आळीतल्या कितीतरी अडलेल्या लेकरांना तिने अंगावर पाजलं, आणि वाटीत मुंगी टाकायचं नाव तिच्या हयातीत कुणी काढलं नाही. म्हातारपणीही विहिरीवर तिची जागा कुणी अडवत नसे.

पण त्या संध्याकाळी यातलं काही ठरलेलं नव्हतं. गोजाबाईचे हात सैल झाले. चिमाबाई सोप्याच्या कडेला, सगळ्या भावकीसमोर बसली आणि तिने छातीचं फडकं सोडलं. पुरुषांनी माना वळवल्या. पोरीने आधी तोंड नुसतंच लावलं, मग तिला कळलं, आणि ती लुचू लागली. गोजाबाई भिंतीपाशी श्वास रोखून किंकाळीची वाट बघत होती. चिमाबाईचा उजवा हात सवयीने पदराकडे गेला. तिने पोरीचं कपाळ टिपलं. पुन्हा टिपलं. कपाळ कोरडं होतं. तरी ती टिपत राहिली, आणि सिद्धू गेल्यापासून न आलेलं रडू तिला तेव्हा आलं.